दरड सुटते कुठे आणि पोहोचते कुठे : इंदूरमध्ये बसून कोकणातल्या भूस्खलनाचा नकाशा करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे आजोळ रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात आहे, आणि तिने प्रबंधासाठी महाड-पोलादपूर भागाचा दरडप्रवण क्षेत्रांचा नकाशा तयार केला आहे. त्यासाठी तिने विनामूल्य मिळणारी १२.५ मीटरची उंचीची माहिती घेतली, उतार, उताराची दिशा, वक्रता, ओढ्यापासूनचे अंतर, खडक आणि जमीनवापर असे सहा थर केले, दरडींच्या जागा बिंदूंनी दाखवल्या आणि रँडम फॉरेस्ट या, संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या पद्धतीने नकाशा काढला. एयूसी (दरडीची आणि बिनदरडीची जागा नकाशा किती बरोबर ओळखतो याचे १ पर्यंतचे माप) ०.९३ आली, म्हणजे कागदावर निकाल उत्तम आहे. पण १० ते २० अंशांचा सौम्य उतार सर्वांत धोकादायक ठरला आणि ३५ अंशांपुढचे कडे जवळजवळ सुरक्षित दिसू लागले. हे असे का झाले, विनामूल्य माहितीवर एवढे काम करणे योग्य आहे का, आणि इंदूरमध्ये बसून केलेल्या नकाशावर किती विसंबावे, असे तिने विचारले आहे.

तुम्हाला तो निकाल खटकला, हे फार चांगले झाले. पुष्कळ प्रबंधांत एयूसीचा आकडा पाहूनच समाधान मानले जाते आणि नकाशा डोंगराशी ताडून पाहिला जात नाही. तुमच्या बाबतीत सौम्य उतार धोकादायक ठरण्याची कारणे मला दोन दिसतात, आणि ती दोन्ही रँडम फॉरेस्टच्या आधीच्या टप्प्यांत आहेत. म्हणून पद्धत बदलून उपयोग होणार नाही.

पहिले कारण दरडींच्या नोंदीत आहे. तुमचे बरेचसे बिंदू बातम्यांमधील गावांच्या नावांवरून घेतलेले आहेत, म्हणजे ते वस्तीवर ठेवले गेले आहेत. सह्याद्रीतल्या वाड्या मात्र कड्यावर नसून कड्याखालच्या टप्प्यावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी असतात, कारण घर बांधायला आणि नाचणी-वरी पिकवायला थोडी सपाटी लागते. दरड वरच्या तीव्र उतारावर सुटते, ओढ्याच्या घळीतून खाली येते आणि या टप्प्यावर येऊन पसरते. तुम्ही बिंदू जिथे ठेवला, ती दरड थांबल्याची जागा होती. तुमच्या पद्धतीने त्या जागेचा उतार प्रामाणिकपणे वाचला आणि दरडी सौम्य उतारावर सुटतात असा निष्कर्ष काढला. वस्तीजवळ रस्ता आणि शेती असते, म्हणून जमीनवापराच्या थरालाही तुमच्या निकालात अवास्तव वजन मिळालेले असणार. ते एकदा तपासून पाहा.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक दरडीचा बिंदू काढून टाकून तिचा पॉलिगॉन (बाह्यरेषेची बंद आकृती) काढणे, आणि त्या पॉलिगॉनचे तीन भाग करणे : जिथून माती-दगड सुटले तो उगमाचा भाग, ज्या वाटेने ते वाहिले तो मार्ग, आणि जिथे ते साचले तो पायथ्याचा भाग. दरड कुठे सुटू शकते हे शिकवण्यासाठी फक्त उगमाचा भाग वापरावा. मार्ग आणि पायथा जपून ठेवावेत, त्यांचे काम पुढे आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि प्रबंधात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, पण माझ्या मते तुमच्या एकूण वेळातला निम्मा वेळ इथेच जायला हवा.

तुमच्या भागात अशा नोंदीसाठी दोन घटना विशेष महत्त्वाच्या आहेत. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. बातम्यांत फक्त जिथे माणसे दगावली ती नावे येतात; त्याच रात्री निर्मनुष्य डोंगरांवर सुटलेल्या असंख्य लहान दरडी मात्र उपग्रहाच्या चित्रांतूनच शोधाव्या लागतात. २०२१ साठी सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रे सर्वांत सोयीची आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२१ चे पहिले स्वच्छ चित्र घ्या आणि त्याची तुलना ऑक्टोबर २०२० शी करा, जेणेकरून गवताची हिरवाई दोन्ही चित्रांत सारखी असेल. जिथे हिरवाईचा निर्देशांक एकदम घसरला आहे, जागा उतारावर आहे आणि आकार वरून खाली लांबट आहे, तिथे थांबून गूगल अर्थवरील जुनी-नवी चित्रे उघडून डोळ्यांनी खात्री करा. नवीन रस्त्यासाठी केलेले खोदकाम आणि दगडखाणी हुबेहूब दरडीसारख्या दिसतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. उशीर करून चालत नाही, कारण कोकणातल्या पावसात दरडीचे व्रण एक-दोन पावसाळ्यांत गवताखाली झाकले जातात. २००५ साठी सेंटिनेल नव्हता. लँडसॅट-५ च्या ३० मीटरच्या चित्रांत फक्त मोठ्या दरडी दिसतील, आणि नोंद तेवढीच आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

दुसरे कारण उंचीच्या माहितीत आहे. तुम्ही घेतलेले १२.५ मीटरचे डीईएम (उंचीचे डिजिटल प्रारूप) अॅलॉस पालसार या रडारच्या चित्रांबरोबर येते, आणि त्या नावामुळे अनेकांचा समज होतो की उंची त्या रडारने मोजलेली आहे. आपल्या भागात ते मूळचे एसआरटीएमचे ३० मीटरचे डीईएम असून त्याचेच बारीक चौकोन पाडलेले आहेत. पिक्सेल लहान झाला तरी माहिती वाढलेली नाही. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केलेले मोजमाप. त्यामुळे १२.५ मीटरवर काढलेली वक्रता ही बरीचशी गणिताने भरलेल्या आकड्यांची वक्रता ठरते. त्या थराला तुमच्या निकालात महत्त्व मिळाले असेल, तर ते संशयानेच पाहा.

३० मीटरच्या डीईएममध्ये कड्याचे काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. सह्याद्री हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा डोंगर आहे, आणि प्रत्येक थराच्या कडेला एक उभी पायरी असते. समजा, अशी एक पायरी २० मीटर उंच आहे आणि ती उंची जमिनीवरच्या अवघ्या १० मीटर अंतरात चढते. म्हणजे खरा उतार ६३ अंशांचा झाला. उतार काढण्याची नेहमीची पद्धत मधल्या पिक्सेलसाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची उंची वापरते, म्हणजे ६० मीटरच्या अंतरावरचा फरक पाहते. पायरीच्या वर आणि खाली सपाटी असेल, तर २० भागिले ६० यातून कोन येतो सुमारे १८ अंश. तुमचा १० ते २० अंशांचा 'धोकादायक' वर्ग भरण्यात अशा पुसट झालेल्या पायऱ्यांचाही मोठा हात आहे. याचा अर्थ ३० मीटरची माहिती निरुपयोगी आहे असा नाही. डोंगराचा एकूण उतार, घळींची जागा आणि पाणी कुठून कुठे जाते हे ती चांगले दाखवते. फक्त उताराच्या वर्गांना खऱ्या जमिनीवरचे कोन समजू नये, आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकातल्या कोनांशी त्यांची थेट तुलना करू नये.

कोणते डीईएम घ्यावे याचे उत्तर दरडीच्या वर्षावर अवलंबून आहे, आणि याकडे फार थोडे जण लक्ष देतात. आपल्याला दरड कोसळण्यापूर्वीचा उतार हवा असतो. २००५ च्या दरडींसाठी २००० चे एसआरटीएम योग्य आहे. २०२१ च्या दरडींसाठी कोपर्निकसचे ३० मीटरचे विनामूल्य डीईएम घ्यावे. ते टॅनडेम-एक्स उपग्रहांनी मुख्यतः २०११ ते २०१५ या काळात केलेल्या मोजमापावरून झाले आहे आणि सह्याद्रीच्या उतारांवर मला ते एसआरटीएमपेक्षा अधिक रेखीव आढळले आहे. मात्र ते झाडांच्या शेंड्यांची उंचीही पकडते, त्यामुळे जंगलाच्या कडेला खोटा कडा उभा राहतो. झाडे आणि घरे वजा केलेली त्याची फॅबडेम ही आवृत्ती संशोधनासाठी मिळते. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करावी. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ वरून केलेले ३० मीटरचे कार्टोडेमही मिळते. मात्र तुमच्या १२.५ मीटरच्या डीईएममध्ये आणि कार्टोडेममध्ये उंची दीर्घवर्तुळजापासून (पृथ्वीच्या गणिती आकाराच्या पृष्ठभागापासून) दिलेली असते, तर एसआरटीएम आणि कोपर्निकसमध्ये ती समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या पृष्ठभागापासून असते. कोकणात या दोहोंत साठ मीटरांच्या आसपास फरक पडतो. बाणकोटच्या खाडीवर उंची उणे साठच्या जवळपास दिसत असेल, तर तुम्ही कोणत्या पृष्ठभागावर उभे आहात हे लगेच कळेल. एकाच डीईएममध्ये उतार काढताना याने बिघडत नाही, पण दोन डीईएम वजा करून साचलेल्या मातीची जाडी काढायला गेलात, तर सगळेच आकडे चुकतील.

क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीत उतार काढण्यापूर्वी रास्टर (चौकोनांच्या जाळीतली उंचीची माहिती) यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणावे. महाड, पोलादपूर आणि आपले इंदूर हे तिन्ही त्याच पट्ट्यात येतात. अंश-मिनिटांतल्या रास्टरवर सरळ उतार काढला, तर आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते आणि जवळजवळ सगळा नकाशा ९० अंशांच्या घरात जातो. हिलशेडही (उजेड-सावलीने उठाव दाखवणारे चित्र) एकाच दिशेच्या उजेडात पाहू नये. वायव्येकडून उजेड दिला की त्याच दिशेने जाणाऱ्या घळी आणि जुन्या दरडींच्या कडा पुसल्या जातात, म्हणून अनेक दिशांचा हिलशेड काढावा.

खडकाच्या थराबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. तुमच्या नकाशात संपूर्ण क्षेत्र जवळजवळ एकाच रंगात, बेसाल्ट म्हणून आले आहे, आणि साहजिकच त्या थराला निकालात वजन मिळालेले नाही. म्हणून खडकाचा संबंध नाही असे समजू नका. पोलादपूरच्या डोंगरात घसरते ती कातळावरची माती, मुरूम आणि पायथ्याशी साचलेला जुना दगडगोट्यांचा ढिगारा. कातळ सहसा जागेवर राहतो. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, दोन थरांमधल्या लाल, चिकणमातीसारख्या पट्ट्यावर अडते आणि आडवे वाहत उतारावर बाहेर येते. तिथे मुरुमातल्या पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड सुटते. म्हणून झऱ्यांच्या जागा आणि लाल पट्ट्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हे दोन थर तुमच्या सहा थरांपेक्षा अधिक बोलके ठरू शकतात, आणि ते कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाहीत.

हे पाहायला आधी कोकणातच जायला हवे असे नाही, हे इंदूरकरांचे भाग्य आहे. माळव्याचे पठार त्याच दख्खनच्या लाव्ह्याचे आहे, आणि महूच्या पुढे ते विंध्याच्या कड्यावरून निमाडात उतरते. पठार साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरवर आहे आणि नर्मदेकाठी मंडलेश्वर-महेश्वरची उंची दीडशे मीटरांच्या आसपास आहे. एका रविवारी महूहून जाम गेटला जा, आणि दुसऱ्या दिवशी चोरलच्या घाटरस्त्याने उतरा. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत कातळ, मुरूम आणि वरची माती यांची जाडी मोजा, लाल पट्टा दिसला तर त्याची उंची नोंदवा, पाझर कुठे आहे ते टिपा, आणि संध्याकाळी तीच जागा डीईएमवर काढलेल्या उभ्या छेदात शोधा. डीईएमने काय दाखवले आणि काय गिळले, हे डोळ्यांना एकदा कळले की पोलादपूरचा नकाशा तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. खडक एकच असूनही विंध्याच्या या उतारांवर तळियेसारख्या दरडी का येत नाहीत, याचे मोठे कारण पाऊस आहे. इंदूरला वर्षभरात साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ च्या त्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पडला.

पावसाचा सातवा थर घालण्याचा मोह मात्र टाळावा. हवामान खात्याची जाळीदार पर्जन्यमाहिती पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरच्या चौकोनाची आहे, आणि पोलादपूर ते महाबळेश्वर हे सरळ अंतर त्याहून कमी आहे. घाटपायथा आणि घाटमाथा एकाच किंवा लगतच्या चौकोनात बसतात, म्हणून त्या थरातून उतारा-उतारातला फरक कळत नाही. दरड 'केव्हा' येईल या प्रश्नासाठी पाऊस अत्यावश्यक आहे. तुमचा प्रबंध 'कुठे' या प्रश्नाचा आहे.

आता एयूसी. दरड नसलेले बिंदू तुम्ही संपूर्ण क्षेत्रातून सोडतीने निवडले आहेत, त्यामुळे त्यांतले पुष्कळसे सावित्रीकाठच्या सपाट भातखाचरांत पडले. डोंगर आणि खाचर यांतला फरक ओळखणे कोणत्याही पद्धतीला सोपे आहे, आणि ०.९३ चा बराच भाग तिथून आला आहे. दरड नसलेले बिंदू १५ अंशांपेक्षा अधिक उताराच्या जमिनीतूनच घ्या. एकाच दरडीतले काही पिक्सेल शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी वापरले गेले नाहीत ना, हेही पाहा. विभागणी पिक्सेलनुसार न करता दरीनुसार करा. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक चाचणी म्हणजे २००५ च्या दरडींवर शिकवून २०२१ च्या दरडींवर तपासणे. आकडा ०.७५ वर आला तरी चालेल, तो मांडण्यात कमीपणा नाही. दरडी मोजक्या असतील, तर रँडम फॉरेस्टऐवजी साधे वारंवारता-गुणोत्तर अधिक समजण्याजोगे उत्तर देते : एखाद्या उतारवर्गात एकूण क्षेत्राचा २० टक्के भाग आणि उगमांचा ५० टक्के भाग येत असेल, तर गुणोत्तर २.५, आणि ते परीक्षकाला तसेच तलाठ्यालाही समजावता येते.

इथवर झाले ते दरड सुटण्याच्या जागेबद्दल. माणसे मात्र ती पोहोचते तिथे दगावतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी गाडली गेली, तेव्हा त्या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते असे राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले होते. वाडीच्या पायाखालचा उतार हाच निकष धरला, तर अशा वस्त्या निसटतात. म्हणून तुम्ही जपून ठेवलेले मार्ग आणि पायथे आता बाहेर काढा. प्रत्येक दरडीसाठी उगमाच्या माथ्यापासून पायथ्याच्या टोकापर्यंतची उंचीतली घट आणि त्या दोहोंमधले आडवे अंतर मोजा. समजा, माथा ४३० मीटरवर, टोक १८० मीटरवर आणि आडवे अंतर ६२५ मीटर आहे. तर २५० भागिले ६२५ म्हणजे ०.४, आणि कोन सुमारे २२ अंश. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांच्यापासून चालत आलेले हे माप अगदी साधे आहे, तरी ३० मीटरच्या डीईएमवर ते भरवशाने काढता येते, कारण त्यात लहान पायऱ्यांचा प्रश्न येत नाही. तुमच्या नोंदीतल्या सगळ्या दरडींचे कोन मांडा. लांब गेलेल्या दरडींचे कोन लहान असतात. घळीतून, पाण्यासह वाहिलेल्या दरडी मोकळ्या उतारावरच्या दरडींपेक्षा दूर जातात, म्हणून त्यांचे वेगळे गट करा.

त्यानंतर उलटा प्रवास करायचा. प्रत्येक वाडीतून वर डोंगराकडे पाहा : नकाशात धोकादायक ठरलेल्या उगमाच्या पिक्सेलकडे जाणारी रेषा तुमच्या नोंदीतून मिळालेल्या कोनापेक्षा तीव्र आहे का, आणि मधली घळ वाडीकडे वळते का? सागा (SAGA) या विनामूल्य प्रणालीत दरडीच्या वाटेचे अनुकरण करणारे साधन आहे, ते वापरून हेच अधिक नेमके करता येते. असा नकाशा हाती आला की तुमच्या प्रबंधात दोन स्वतंत्र नकाशे असतील, एक सुटण्याचा आणि एक पोहोचण्याचा. त्यांची बेरीज करून एकच रंगीत नकाशा करू नका. आजोळच्या माणसांना दुसऱ्याचीच गरज अधिक आहे.

रडारने जमिनीची हालचाल मोजण्याबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारलहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने कोकणातल्या दाट झाडीत त्याचा संकेत टिकत नाही, आणि सह्याद्रीतल्या मुरुमाच्या दरडी बहुधा हळूहळू सरकण्याऐवजी तासाभरात सुटतात. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाची लांब लहर झाडीतून अधिक चांगली जाते, पण या प्रबंधाला त्याची आवश्यकता नाही.

नकाशाचे प्रमाण ठरवताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशा समोर ठेवा. तो १:५०,००० वर आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर होतो. तुमची माहितीही त्याच तोडीची आहे. अमुक घर सुरक्षित आणि शेजारचे धोक्यात, असे त्यावरून सांगता येत नाही. अमुक वाडीच्या वरच्या घळीची प्रत्यक्ष पाहणी आधी व्हावी, एवढे मात्र ठामपणे सांगता येते, आणि ते पुरेसे मोलाचे आहे.

शेवटी प्रत्यक्ष जाण्याबद्दल. जावेच लागेल, पण सगळीकडे नाही. दोन नकाशे जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे उगम धोक्याचा आहे पण वाट कुठे जाते ते स्पष्ट नाही, किंवा चित्रात व्रण दिसतो पण नकाशा तिथे हिरवा (सुरक्षित) आहे, अशा निवडक जागा काढा. ऑक्टोबरच्या शेवटी, गवत वाळण्याआधी आणि झरे आटण्याआधी जा. मोबाइलवर क्यूफील्ड या अॅपमध्ये सर्व थर आधीच उतरवून घ्या, कारण वरच्या वाड्यांत नेटवर्क मिळेलच असे नाही. जमिनीला गेलेल्या अर्धवर्तुळाकार भेगा, एका बाजूला कललेली झाडे आणि विजेचे खांब, बांधांचे सरकलेले दगड यांचे स्थानासह फोटो घ्या. वाडीतल्या वयस्कर स्त्रियांना पाण्याबद्दल विचारा : कोणता झरा अलीकडे नवा फुटला, कोणता एकाएकी गढूळ झाला, पूर्वी कोणत्या ओढ्यातून दगड आले होते. पाणी भरायला रोज त्याच जात असतात, म्हणून त्यांची माहिती नेमकी असते. ती सर्व उत्तरे तारखेसह आणि अक्षांश-रेखांशासह एका वेगळ्या थरात नोंदवा, आणि त्या थराला प्रबंधाच्या परिशिष्टात न टाकता मुख्य नकाशावर जागा द्या.